धक्का

ओविदियोच्या पडद्यावर आमचंच गाव आहे.
नाव वेगळं, डोंगर तेच,
चर्चवरच्या लाकडी फळ्यासुद्धा मोजून लावल्यासारख्या.
दोन हिवाळ्यांमागे तिघं आले होते फोटो काढत.
वादळात अडकले, अकरा दिवस जेवले माझ्याकडे,
मेंढीचं मटण आणि बटाटे,
मग नुसते बटाटे.

खेळात धक्का आहे. सिमेंटचा.
ज्यासाठी आम्ही सांतियागोला अर्ज पाठवतो
मी लग्नाची होते तेव्हापासून.
इथे बोट वाळूत नाक खुपसते
आणि आम्ही मांडीभर पाण्यातून गॅसचे सिलिंडर ओढतो.

"आत्या, कुठे जायचं सांग."
नकाशावर बोट ठेवलं की पोचलो.
आमची बोट गुरुवारी,
वारा हो म्हणाला तर.

रोसेंदा, त्याची आई, क्वेयोनला
सॅमनच्या कारखान्यात मासे चिरते. सप्टेंबरात येते म्हणालीय.
काल पाहिलं, पोरानं सेटिंगमध्ये जाऊन
ते झटक्यात पोचणंच बंद केलंय.
हवामान: खडतर.
त्याचा माणूस धक्क्यावर उभा, पाऊस अंगावर घेत,
आणि हा शेजारी पाव खात बसलेला.
"अरे, असं का?"
"लगेच पोचलं की
आईकडे गेल्यासारखं वाटत नाही."

चुलीत लाकूड सारलं. काय बोलणार.

तो झोपल्यावर मी ते यंत्र हातात घेतलं,
भिंतींना आपटत आपटत
त्या सिमेंटवरून टोकापर्यंत चालत गेले.
बूट कोरडे.
दूर दिवा दिसला बोटीचा,
आणि दोर झेलायला
माझा हात
उगाच वर झाला.