करावे गावाजवळ, शनिवारचं वाचन

पाचव्या पानावर त्या चिनी गावातली
एक गल्ली नाहीशी होते,
आठव्यावर विहीर,
अकराव्यावर निवेदकच, वाक्याच्या मधोमध.
वाक्य मात्र चालत राहतं.

रेगेबाई म्हणाल्या, रूपक.
तन्मयला पूर्णविराम सापडेना,
त्याने भाषांतराला दोष दिला.
चकल्यांचा डबा फिरत राहिला.

जोमाभाऊ इतका वेळ चष्मा पुसत होते.
"यान नवीन काय हाय?"
खिडकीबाहेर बोट, मॉलच्या पार्किंगकडे.
"तय आमचा आगर व्हता."

कुणी काही बोललं नाही.
आमचे सगळ्यांचे पत्ते
सेक्टरातलेच.

मी समासात पेन्सिलीने लिहिलं: मीठ.
पुस्तक वाचनालयाचं आहे,
मंगळवारी परत करायचंय.
खोडायचं का,
अजून ठरत नाही.