चार तारखेपर्यंतचं

कॉम्प्युटर गेला तेव्हा आवाजसुद्धा केला नाही.
निळा झाला, मग काळा,
आणि टिळकनगरच्या माझ्या दीड खोलीत
पंखा तेवढा बोलत राहिला.

वरच्या ऑस्टिन डिमेलोने दोन वर्षांपूर्वी
माळ्यावर एक पेटी बसवून दिली होती,
पापडाच्या डब्याशेजारी.
आत दोन डिस्क, बाहेर एक हिरवा दिवा.
"आंटी, रोज रात्री दोन वाजता ही
तुमचं सगळं उतरवून घेईल. तुम्ही झोपा."
झोप नसली की ऐकू यायचं,
वर बारीक किरकिर, उंदराने कागद कुरतडावा तशी.
म्हणायचे, चाललंय काम.

काल तो नवी डिस्क घेऊन आला.
माळ्यावरून वायर ओढून थेट जोडली
(वायफायवर नको, म्हणाला, सकाळ होईल)
आणि स्क्रीनवर तारखा उमटल्या.
शेवटची: चार ऑगस्ट, दोन वाजून नऊ मिनिटं.
त्यापुढे काही नाही.
काल एकोणतीस होती.

"प्लग कोणी काढला होता का?"

कुमुदने.
पाच तारखेला आली पनवेलहून, न कळवता,
आठ वर्षांनी,
हातात पिशवी आणि चुरगळलेली साडी.
इस्त्री कुठे लावू, म्हणाली.
मीच म्हटलं, तो पांढरा काढ.
हिरवा दिवा विझलेला कोण बघतंय,
मी तिच्याकडे बघत होते.
किती वाळली होती.

साडेचार तास लागले.
एकसष्ट टक्क्यांवर गाडं अडलं;
ऑस्टिन वर जाऊन जेवून आला, तरी एकसष्टच.
मग एकदम सगळं, जसंच्या तसं:
सोसायटीची थकबाकी, गॅसच्या पावत्या,
साळसकरांची लग्नपत्रिका,
तिच्यात 'शुभवीवाह'.
सात तारखेला सुधारला होता मी तो दीर्घ वी.
पुन्हा दीर्घ.

आणि कोपऱ्यात एक फाइल: 'कुमुदला'.

तीन तारखेला लिहिलेली. अडीच पानं.
बाबांची खोली, तिच्या सह्या,
शीव हॉस्पिटलच्या माझ्या खेपा तारीखवार,
आणि शेवटी, तुझं तोंड बघायचं नाही मला.
शुद्धलेखनाची एक चूक नाही.
ती गेली त्या रात्री मी ही पुसली होती,
मग कचऱ्याच्या टोपलीतूनही पुसली होती.

जे हवं ते मात्र नाही.
सहा रात्री आम्ही दोघी या टेबलाशी बसून
वडाळ्याच्या पोर्ट ट्रस्ट क्वार्टर्स
पुन्हा भरत होतो, खोली खोली करून.
एक नंबर तांडेल. दोन फडतरे, त्यांची मुकी मांजर.
नऊ नंबरात सॅबी आंटी, दाराला निळा रंग.
ती सांगायची, मी टाइप करायचे.
सतरा नंबरावर जुंपली, आणि हसता हसता
ती खुर्चीवरून खाली बसली, उठेचना.

पेटीपाशी माझ्या रागाची पक्की नक्कल आहे.
त्या सहा रात्री पेटी बंद होती,
साडीच्या इस्त्रीपायी.

मी फाइल पुसायला गेले.
ऑस्टिन म्हणाला, पुसा, पण वर राहीलच ती.
तीस रात्रींच्या प्रती ठेवते पेटी,
नवी आली की सगळ्यात जुनी गळते.
म्हणजे महिनाभर.
असू दे, म्हटलं. राहू दे पापडांशेजारी.

रात्री फोन लावला.
"कुमुद, सतरा नंबरात कोण होतं गं?"
"उस्मानभाई क्रेनवाले." श्वाससुद्धा न घेता.
"त्या दिवशी होडेकर म्हणालीस."
"मी? होडेकर तू म्हणालीस. त्यावरूनच तर भांडले मी."
"बरं. एक नंबरापासून सांग."
"आत्ता? भाकरी तव्यावर आहे माझी."
"उलट ती. मी थांबते."

माळ्यावर दिवा हिरवा होता.
दोन वाजायला अजून बराच वेळ.