चेतनाला, पारोळ्याच्या पत्त्यावर

तू विचारलंस, नोकरी सोडू का.
जिनिंगच्या हापिसातली, साडेअकरा हजारांची.
सोडू नकोस.
निदान पुढच्या अखाजीपर्यंत नकोस.
लग्नतिथी संपल्या की आमच्या धंद्याला कुलूप,
गणपतीचे दहा दिवस तेवढे खिडकी उघडी.
सव्वीस पावसाळे मी सावद्याला केळीच्या गाड्या भरल्या,
रात्री त्याच हातांनी बेंजो.
केळीचा चीक रॉकेलनंही सुटत नाही,
तारेला लागतो, सूर जड होतो.
पण दुकानदाराकडे उधारी नव्हती,
म्हणून पडेल भावात कुणाकडे वाजवलं नाही.

बयाना अर्धा घे, आधी घे.
नवरीच्या मामाकडून नको, तो नुसता हो म्हणतो.
मांडववाल्याला पैसे कोण देतंय ते बघ
आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहा.
हळदीच्या रात्री सगळं गाव दिलदार,
पाठवणीनंतर फोन वाजत राहतो.
जनरेटरचं डिझेल कोणाचं, हे तोंडावर विचार.
जेवण पैशात धरू नकोस,
शेवभाजी काय, सगळेच वाढतात.

माईक स्वतःचा घे. पेटी नंतर, कपडे त्याहून नंतर.
साउंडवाल्याच्या माईकला तंबाखूचा वास येतो
आणि त्यात तुझा स, श होतो.

फोनवर किती जणांनी अंगठा दाखवला, मोजू नकोस.
वही कर. जाड पुठ्ठ्याची.
नाव, गाव, कुणाचं लग्न, काय गायलीस,
आणि म्हातारी कोणत्या ओळीला रडली.
चार वर्षांनी धाकटीच्या लग्नाला बोलावतील,
तीच ओळ आधी घे.
माझ्याकडे अशा नऊ वह्या आहेत.
दोन वाळवीनं खाल्ल्या.

ढोलकीवाल्याचे पैसे त्याच रात्री दे,
तुझे मिळाले नसले तरी.
फिरोज तडवीला मी एकदा आठ दिवस थांबवलं.
आजही यावलला भेटला की चहा तोच पाजतो,
पोरांची चौकशी करतो.
माझ्याबरोबर वाजवत मात्र नाही.

आता एक राहिलं. शेवटी ठेवलं,
कारण लिहायला हात वळत नव्हता.
सुरतेच्या एका शेठनं माझी चाल घेतली होती,
कॅसेटच्या दिवसांत.
सातशे रुपये आणि शर्टाचं कापड.
कागद गुजरातीत होता, मी सही मराठीत केली.
मग ती चाल नंदुरबारपासून भुसावळपर्यंत वाजली,
रिक्षात, जत्रेत, मोबाइलच्या दुकानांबाहेर,
दर वेळी दुसऱ्याच कुणाच्या फोटोखाली.
माझ्या थोरलीच्या वरातीत डीजेनं लावली.
पोरगी म्हणाली, अण्णा, हे ऐकलंय का तुम्ही?
म्हटलं, हो, बरं वाजवलंय.
मनं नाव कोठे शे, हे एकदाच बोललो,
तेही घोडीवाल्याजवळ.
त्याला वाटलं, मी पाणी मागतोय.

म्हणून, वाचता येत नाही तिथं सही नको.
कापड शिवून झालं, विटलं, पुसायला गेलं.

तुझं रोटांच्या दिवशीचं कानबाईचं गाणं ऐकलं,
तीनदा. तिसऱ्यांदा दिवा घालवून.
दुसऱ्या कडव्यात पळतेस.
लोक उठून जातील याची भीती आहे ना?
जाऊ दे दोघं-चौघं.
जे बसतील त्यांच्यासाठी श्वास पुरा घे.
आणि तो खालचा सूर, जिथं आवाज थोडा फाटतो,
तो शिवू नकोस कुणाच्या सांगण्यावरून.

अमळनेरवाल्यानं मार्गशीर्षातल्या लग्नाचा बयाना दिला का?
नसेल तर आज फोन कर, दुपारी, जेवणाआधी.
सोबत पावतीपुस्तक पाठवतोय,
अर्धं कोरं आहे.
रबरी शिक्काही आहे, हिलाल बेंजो पार्टी, एरंडोल.
ब्लेडनं माझं नाव खरवड.
जपून, रबर जुनं आहे,
खालची रेघ तुटली
तर तुझं नाव लिहायला जागा वाकडी होईल.