चार फूट दोन इंच

पाळकबाई नवीन. नाव टॅमसिन, एका कानात तीन बाळ्या.
म्हणाली, डोरीन, यंदा उपवासकाळात
चर्चमध्ये पाणी आणू या.
मी म्हटलं, आणायला कशाला हवं?
ते येतं की आपल्या पायांनी.

काल्डर नदी आमच्या भिंतीला लागून वाहते.
दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात, रात्री दोनला, ती आत आली
दार न ठोठावता, पाय न पुसता,
आणि मधल्या वाटेनं थेट वेदीपर्यंत गेली
नवरीसारखी.
चार फूट दोन इंच. तिसऱ्या खांबावर
मी पेन्सिलीची रेघ मारून ठेवली आहे.
गीतपुस्तकं फुगून पाव झाली होती.
ऑर्गनमधून गाळ निघाला, आणि एक बूट, डावा.
पाणी ओसरलं तरी बाप्तिस्म्याचं दगडी कुंड
काठोकाठ भरलेलं राहिलं, चहाच्या रंगाचं.
त्या पाण्यावर कुणी प्रार्थना म्हटली नव्हती.
माझा बाप्तिस्मा त्याच कुंडात झाला, आईचाही.
मी ते चहाच्याच मगानं उपसलं. एकशे अकरा मग.
मोजत राहिलं की रडावं लागत नाही.

पाणी कुठं मुरतं ते मला विचारा:
बाकांच्या पायांत, फरशीखाली, माणसांच्या बोलण्यात.
सहा आठवडे पुसत होते.
तेव्हापासून मी त्या नदीला पाण्यात पाहते.

तर टॅमसिननं बाजारातून चाळीस वार निळी जाळी आणली,
छतापासून खाली सोडली.
मुलांचा फुगवायचा तलाव, त्यात काचेच्या गोट्या.
मासे नसलेल्या टाकीत एक पंप, दिवसभर गुळगुळ.
प्लंबर ग्रॅनव्हिल त्या पंपाशेजारी बराच वेळ बसून होता.
मला वाटलं, कामाची सवय, बिघाड ऐकत असेल.
मग त्याचे खांदे दिसले.

एका परातीत पाणी, शेजारी विरघळणारे कागद.
जे सोडायचं ते लिहा, पाण्यात टाका,
अक्षरं दुधासारखी पांगत जातात.
मी विम्याच्या पत्राच्या पाठीवर लिहिलं.
मला काय ठाऊक, कागद खास असतो ते.
सगळ्यांचं विरघळलं. माझं तरंगत राहिलं.
सकाळी ते माझ्या झाडूच्या कपाटात
चिमट्याला वाळत घातलेलं होतं.
मी वाचलं नाही, टॅमसिन म्हणाली.
म्हणजे वाचलंच असणार.

पवित्र आठवड्यातला गुरुवार.
पाय धुवायचं काचेचं भांडं तिच्या हातून सटकलं.
लोक मोजे काढून बाकांवर बसलेले,
फरशी गार, बोटं आखडलेली.
ती माझ्याकडे बघत होती, मी कपाटाकडे.

बादली पिवळी. आतून गाळाची एक वळी,
कितीही घासली तरी न गेलेली.
मी म्हटलं, ही नको.
ती म्हणाली, हीच.

आणि पहिले पाय माझेच मागितले.
पंच्याहत्तरीचे पाय. रबरी बुटांत भिजून
अंगठ्याची नखं गेली, ती पुन्हा नीट आली नाहीत.
पाणी कोमट होतं. एवढंच सांगते.
ती काही बोलली नाही, देवाचंसुद्धा नाही.
वर जाळीमागं माझी रेघ,
आणि मी तिच्या खाली बसलेली,
कोरड्या केसांनी.

नंतर ग्रॅनव्हिलचे झाले, पोस्टातल्या मुलीचे,
कुणा दोन पोरांचे, जी आधी नुसती हसायला आली होती.
पाणी गढूळलं.
बादली मीच बाहेर नेली. नदीत नाही ओतली,
तिच्याकडे आहे पुष्कळ.
भिंतीकडेच्या रुबार्बला घातली.

यंदा देठ चांगले लाल आले.
पण ते दरवर्षीच येतात.