सांध्याची रेघ

सिस्टरांच्या शाळेच्या अंगणात एक मूर्ती आहे,
हातात रंधा धरलेला सुतार.
पालकसभेला सगळे पंख्याखाली जागा धरतात,
मी त्याच्यापाशी थांबतो.
त्याच्या कानामागनं खांद्यापर्यंत
एक बारीक रेघ उतरते.
तीनदा रंग दिलाय, तरी दिसते:
दोन पेट्यांत ओतलेला माणूस,
घासणाऱ्यानं कंटाळा केलेला.
शिरोलीत सतरा वर्षं साचे भरतोय मी,
माझ्या नजरेतनं सुटणार कशी?

सिस्टर युफ्रेशिया म्हणाल्या, हा योसेफ.
यानं मजुरी करून देवाला वाढवलं.
त्या वसईच्या. त्यांच्या मराठीत खाडीचं पाणी,
माझ्या मराठीत वाळू.
एकमेकांचं अर्धं कळलं,
तेवढ्यावर राजनंदिनीचं ॲडमिशन झालं.

आता शाळेत नवा अभ्यासक्रम आलाय.
पेपर म्हणे सातासमुद्रापार तपासतात.
सकाळी हात जोडून रोजची भाकर मागायची,
आणि दुसऱ्या तासाला विचारायचं
पीठ कुठलं, जहाज कुणाचं, नफा कुणाला.
मी म्हटलं, एका तोंडानं दोन्ही कसं?
नंदी म्हणाली, पप्पा, मागायचंच आहे
तर कुठनं येतंय ते नको बघायला?

मग गृहपाठ आला:
जगाशी जोडलेली घरातली एक वस्तू आणा.
टीव्ही कोरियाचा, पण तो सगळ्यांकडंच.
पासपोर्ट कुणाचाच नाही.
मी लांब म्हणजे गोव्यापर्यंत,
तेही मालाच्या टेम्पोत, पाय न हलवता.
बायको भांडी घासता घासता म्हणाली,
रोज तुमच्या हातातनं जातंय ते काय मग?

खरंच की.
भंगारातनं पंपाचं एक केसिंग मागून घेतलं,
ब्लो होल पडलेलं, अकरा किलोचं.
सुपरवायझर म्हणाला, काय, देव्हाऱ्यात ठेवतोस?
गोणपाटात गुंडाळून स्कूटरवर पायाशी.
पंचगंगेचा पूल, मग कावळा नाका.
खड्डा आला तशी नंदी मागनं ओरडली,
हळू पप्पा, जर्मनी पडंल.

वर्गात वर क्रूस, खाली जगाचा नकाशा.
नंदीनं शिरोलीला टाचणी टोचली,
लाल दोरा ओढत नेला
एका गावापर्यंत, ज्याचं नाव
मी सतरा वर्षं पेटीवर बघतोय
आणि अजून मोठ्यानं म्हटलेलं नाही.
सिस्टरांनी केसिंग स्वतः उचललं, शिपायाला हाक न मारता.
पांढऱ्या झग्याला काळी वाळू लागली.
झटकली नाही.

मग नंदीनं वाचून दाखवलं:
तिकडं हे कितीला विकतात, युरोत.
आणि माझ्या वडलांना एका नगामागं
चौदा रुपये साठ पैसे.
आदल्या रात्री विचारलं होतं तिनं,
मी म्हटलं होतं, हे कशाला शाळेत?
आणि तरी सांगितलं होतं.
पुढच्या बाकावर एका डायरेक्टर साहेबांनी घसा साफ केला.
मी मान वळवली.
लाज नव्हे ती. धातू ओतताना
तोंड वळवतो ना आपण, तसं.

सिस्टर एवढंच म्हणाल्या,
हा आकडा प्रार्थनेच्या वहीतही लिही.

वही सीलबंद होऊन गेली परवा.
माझा माल जातो तशीच,
आधी ट्रक, मग बंदर, मग ठाऊक नाही.
माल खोटा निघाला तर परत येतो,
लाल खूण करून, पैसे कापून.
तिच्या चौदा रुपये साठ पैशांवर
तिकडचा मास्तर काय खूण करेल?
पाळी म्हणजे काय, झळ म्हणजे काय,
हे त्याला कोण सांगणार?

निकाल अजून आलेला नाही.

निघताना योसेफाच्या कानामागं बोट फिरवलं.
खिशात कानस होती. पाच मिनिटांचं काम.
सिस्टर म्हणाल्या, एक मेला या की, त्याचा सण असतो.
मी म्हटलं, त्या दिवशी आम्हाला सुट्टी असते.
त्या म्हणाल्या, म्हणूनच.