खर्ज

सुजय हुबळीला गेला, बासही घेऊन गेला.
शनिवारी राजारामपुरीत कार्यक्रम,
आणि माझ्याकडं सहा बारीक तारा,
एक उसना पेडल.

उद्यमनगर. शेडचा माळा. खाली तातोबांचा लेथ.
सप्तक एक खाली, टोन बंद,
मानेजवळचा पिकअप.
पहिला आवाज आला तो
रंकाळ्यात म्हैस डुंबल्यागत,
नुसते बुडबुडे.

दोन तारा एकदम छेडल्या की यंत्र गोंधळतं,
कुठला सूर खाली न्यावा, कळत नाही त्याला.
मग एकच तार. नखी खिशात.
अंगठ्याचं मांस,
तळव्याची कड ब्रिजवर,
सूर उठून उभा राहायच्या आत
त्याला खाली बसवायचं.

लेथ कधी थांबला कळलं नाही.
जिन्यात तातोबा, कोपरापर्यंत ऑईल.
"हे खोटं आहे," मी म्हणालो,
"तार जाड नाहीच मुळात."
ते ऐकत राहिले,
फिरत्या जॉबला कान देतात तसे.
"पत्रा थरथरतोय न्हवं?"

खिळ्याला टांगलेला बारा-तेराचा पाना
खरंच हलत होता.
"मग झालं की."

आवाज जरा कमी केला.
सुजयला कळवलं नाही अजून.