तीन नंबरची जागा

कर्वेनगरच्या आमच्या गच्चीवर
गुरुवारी संध्याकाळी तंबू उभारून पाहिला.
एक दोरी टाकीच्या पाइपला, दुसरी डिशच्या खांबाला.
समोरच्या बिल्डिंगमधून कुणीतरी ओरडून विचारलं,
"काय, केटरिंग का?"

श्रीरंगनं वहीत तीन तळांची नावं लिहिली होती,
तिन्ही वनखात्याची, तिन्ही भोरच्या अंगाची.
एकापुढे 'धबधबा' लिहून दोनदा अधोरेखित केलेलं.
मी खोडलं नाही.
खाली फक्त लिहिलं: आणि रात्री?

कारण सुमेध झोपेत चालतो.
नऊ वर्षांचा आहे. उठतो, चपला घालतो,
एकदा लिफ्टचं बटण दाबून उभा होता,
डोळे उघडे, आत कुणी नाही.
घरी आम्ही दाराची वरची कडी लावतो.
तंबूला कडी नसते, चेन असते,
आणि चेन त्याला बालवाडीपासून येते.

फोन मीच केला. वनरक्षक लहू मरगळे.
मागे भर दुपारी कोंबडा आरवत होता.

पाणी? "हातपंप हाय. मार्चनंतर दमतो जरा."
संडास? "दोन. एक कमोडचा, म्हाताऱ्यांसाठी.
बॅटरी घरनं आणा, बल्ब माकडं नेतात."
बिबट्या आहे का हो?
"असणारच की, त्याचं घर हाय.
हाडकं बाहेर टाकू नका, तो तुमच्याकडे येत नाय."
आणि साप चावला तर?
"दवाखाना चाळीस मिनिटं.
गाडी लावताना तोंड रस्त्याकडं करून लावा."

हे वाक्य कुठल्याच माहितीपत्रकात नव्हतं.
मी ते वहीत लिहिलं, श्रीरंगच्या धबधब्याच्या वर.

शनिवारी नका येऊ, म्हणाले, पोरं स्पीकर आणतात.
मी काढून घेतो, सोमवारी देतो, पण तोवर रात्र जाते.
उंबराखाली तंबू नको, वटवाघळं रात्रभर फळं टाकतात.
कोरड्या ओढ्यात तर नकोच,
तो कोरडा आहे हे त्यालाही पक्कं ठाऊक नसतं.

मग मी विचारलं, डोह किती लांब आहे?

ते थांबले. कोंबडाही थांबला.
"सगळे इचारतात किती जवळ हाय.
लांब किती, असं तुम्हीच पहिल्या."

आणि सख्ख्या बहिणीला जे सांगितलं नव्हतं
ते मी चेहरा न पाहिलेल्या माणसाला सांगितलं,
गॅसवर वरण उतू जात असताना.

"मग तीन नंबरची जागा घ्या," ते म्हणाले,
"चढावर. दिसायला काय नाय तिथं,
फोटोबिटो येत नाय.
पण डोहाच्या आन् तुमच्या मधी करवंदीची जाळी हाय.
झोपेतल्या माणसालाबी काटा कळतो, ताई."

आम्ही मंगळवारी गेलो, रजा टाकून.
गरम पाणी नाही म्हटल्यावर नणंद गळाली,
सासरे आले, कमोडच्या भरवशावर.
जानेवारी. थंडी अशी की पिठलं ताटात थिजलं.
जागा खरंच साधी. मुरूम, दोन ऐन, एक दगड.
श्रीरंग दगडावर बसून म्हणाला,
"इथून काहीच दिसत नाही गं,"
आणि तिसऱ्यांदा चहा प्यायला.

झोपताना परकराचा नाडा काढला,
एक टोक सुमेधच्या घोट्याला, एक माझ्या मनगटाला.
गाठ दोनदा पाहिली. गाडीचं तोंड एकदा.

मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही.
अंगठ्यात कळ उठली,
आणि मी उभी होते, अनवाणी,
समोर काळी जाळी, जाळीपलीकडे पाण्याचा आवाज,
पदर करवंदीत अडकलेला.

मनगटावर नाडा ताणलेला.
मागे वळले तर सुमेध, कानटोपी वाकडी,
घोट्याची गाठ त्यानंच सोडलेली,
आणि ते टोक दोन्ही हातांनी धरलेलं.
टक्क जागा.

"आई," तो कुजबुजला,
"तू पण?"